दुसरी सही

पुतण्या आला तेव्हा मी पडवीत बसून माडाच्या पातीचे हीर काढत होते. केरसुणी बाजारात मिळते, मला ठाऊक आहे. पण हात रिकामे राहिले की माझं तोंड फार चालतं, म्हणून हातांना काहीतरी लावून ठेवते. पुतण्या म्हणजे माझ्या थोरल्या दिराचा एकुलता मुलगा. आमचं सासर गोव्यातलं, पेडण्याकडचं. तो तिथंच असतो. दीर गेले, थोरली जाऊ आहे. आमच्या मास्तरांना, म्हणजे माझ्या यजमानांना, जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाचं विचारायला आला असेल, असं समजून मी उठले, पाणी दिलं, गुळाचा खडा दिला.

त्यानं पाणी प्यायलं, गूळ तसाच ठेवला.

"काकी, रागाव नको हां. वकिलान सांगला तसा केलंय," असं म्हणून त्यानं एक लांबट पाकीट पाटावर ठेवलं आणि चहाचं आधण ठेवायच्या आत गेलासुद्धा. माझ्या घरातून चहा न घेता गेलेला हा पहिलाच पाहुणा. तेव्हाच मी समजले, पाकिटात काही बरं नाही.

मी शाळेत चौथीपर्यंत गेले. पुढचं वाचन मास्तरांच्या वर्तमानपत्रांवर आणि वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं, तेव्हा 'सबब' आणि 'मयत इसम' असल्या शब्दांना मी भीत नाही. नोटिशीत लिहिलं होतं की मयत इसमास मूलबाळ नाही, आईवडील हयात नाहीत, सबब गोव्यात लागू असलेल्या कायद्याप्रमाणे वारस म्हणजे भाऊ आणि भावाची मुलं. पत्नीचा क्रम त्यांच्यानंतर. म्हणून मौजे तोंडवली इथलं घर आणि माडांची बाग यांचा ताबा द्यावा. मी दोनदा वाचलं. बाकी सगळं समजलं, तो 'नंतर' काही गळ्याखाली उतरेना. पंचेचाळीस वर्षांहून जास्त संसार केला, आणि मी नंतर.

तोंडवली म्हणजे वाळूची पट्टी. इकडं समुद्र, तिकडं खाडी, मधे आमची घरं. मास्तर निवृत्त झाल्यावर मीच हट्ट धरला होता की उरलेलं आयुष्य माझ्या माहेरच्या वाडीत काढू. त्यांनी ही जागा घेतली, घर बांधलं, आणि सगळं त्यांच्याच नावावर राहिलं, कारण नाव कुणाचं घालायचं हा प्रश्न आमच्यात निघालाच नाही. मृत्युपत्र केलं नव्हतं. मरणाचा विषय काढला की म्हणायचे, "आदी चाय घाल."

शेजारी माझा चुलतभाऊ राहतो. त्याला नोटीस वाचून दाखवली तर तो मांडीवर थाप मारून हसला.

"खुळां काय ती? गोव्याचो कायदो हंय खंय चलता? अगो, हद्दीर इन्सुलीच्या नाक्यार पोलीस गाडयेची डिकी उघडून बगतत. एक बाटली सोडनत नाय, आणि आख्खो कायदो सोडतले?"

सगळी वाडी हसली, मीही हसले. त्या हसण्यावर मी चार दिवस नीट जेवले. पाचव्या दिवशी मात्र खाडी ओलांडून मालवणला गेले, वकीलबाईकडं. ही माझ्या बालमैत्रिणीची मुलगी. लहानपणी माझ्या अंगणात पडून गुडघा फोडून घेतला होता तिनं. आता काळा कोट घालते आणि माझ्याशी कचेरीतल्यासारखं शुद्ध बोलते. तिला इन्सुलीची गंमत सांगितली. ती हसली नाही.

"मावशी, नोटीस खोटी नाही."

"म्हणजे? गोव्याचा कायदा खाडी ओलांडून आला?"

"कायदा जमिनीबरोबर राहत नाही, माणसाबरोबर चालतो. काका गोव्याचे ना?"

"पक्के."

"मग तो त्यांच्याबरोबर तोंडवलीला आला. नाक्यावर कुणी डिकी उघडली असती तरी दिसला नसता."

मी विचारलं, "पण हा कायदा कुणाचा गो? पणजीचा की दिल्लीचा?"

"मुळात लिस्बनचा," ती म्हणाली आणि तिनं चहा मागवला, कारण तिला कळलं होतं की आता मी उठत नाही.

तिनं जे सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. चूकभूल असेल ती माझी. दीडेकशे वर्षांमागं पोर्तुगालात एक जाडजूड पुस्तक केलं. लग्न, घरदार, वारसा, सगळ्याचे नियम त्यात. केलं ते त्यांच्या माणसांसाठी, ज्यांनी माड बघितलेला नव्हता. मग तेच पुस्तक त्यांनी समुद्रापलीकडच्या आपल्या मुलखांना लावलं, त्यात गोवाही आला. पण लावताना ध्यानात आलं की पेडण्याचा माणूस काही लिस्बनच्या रीतीनं जगणार नाही. म्हणून गोव्यातल्या हिंदूंच्या चालीरीतींचं एक छोटं पुस्तक वेगळं लिहवून घेतलं आणि मोठ्याच्या पोटात ठेवलं. पुढं गोवा मुक्त झाला. पोर्तुगीज गेले, त्यांचा झेंडा गेला, शिपाई गेले. पुस्तक राहिलं! दिल्लीनं सांगितलं, आम्ही बदलेपर्यंत चाललंय ते चालू दे. दिल्लीचे कायदेसुद्धा तिकडं आपोआप गेले नाहीत. एकेक करून नेले, काही नेलेच नाहीत. आपल्याकडचा हिंदूंच्या वारशाचा कायदा नेला नाही त्यांतलाच. तिकडं पोर्तुगालनं आपल्या घरचं जुनं पुस्तक बाद करून नवं केलं, तरी गोव्यात जुनंच चाललं. नंतर पणजीच्या विधानसभेनं वारशाचा भाग स्वतः नव्यानं लिहिला, पण माप जुन्याचंच घेतलं. आणि अलीकडं देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं सांगून टाकलं की गोव्याच्या माणसाची मालमत्ता देशात कुठंही असो, वारसा गोव्याच्याच कायद्यानं.

माझा चहा निवला. मी चार राज्यं बदललेली बघितली नाहीत, पण त्या पुस्तकानं बघितली. राजा गेला, राज्य गेलं, ज्या गावात ते जन्मलं तिथं ते मेलं, आणि माझ्या पडवीत पाटावर येऊन बसलं. देवगडला माझ्या आत्याच्या बागेत मूळ आंबा वठून गेला होता आणि त्याची कलमं मात्र तीस-तीस वर्षं धरत होती, तसं काहीसं म्हणावं. पण आंब्याची कलमं माणूस हातानं बांधतो. हे कुणी बांधलं, कुणी पाणी घातलं? कुणीच नाही. फक्त कुणी उपटलं नाही.

"आणि त्या छोट्या पुस्तकात काय आहे?" मी विचारलं.

"मावशी, तुम्हाला सांगायला बरं वाटत नाही. त्यात एक असंही होतं, की बायकोला ठरावीक वयापर्यंत मूल झालं नाही तर काही अटींवर हिंदू नवऱ्याला दुसरी करता येईल. कागदावर होतं. कुणी वापरलं असं माझ्या ऐकिवात नाही."

मला एकदम आठवलं, लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली असताना माझ्या सासूबाई मास्तरांना पाठीमागच्या अंगणात काहीतरी सांगत होत्या, आणि मास्तर, कधी आवाज न चढवणारा माणूस, "आये, ह्या परत काडू नको" म्हणून ताड्ताड् निघून गेले होते. मला वाटलं होतं, न्हाणीच्या दुरुस्तीचं बोलणं असेल. वकीलबाईसमोर बसून मला चाळीस वर्षांपूर्वीचं ते बोलणं आता कळलं.

"म्हणजे हा कायदा बायकांचा वैरीच," मी म्हटलं.

"थांबा, मावशी. त्याचा दुसरा हात बघा. बायको वारसांच्या रांगेत मागं आहे, कारण तिला रांगेत उभं राहायची गरजच नसते. तिकडं लग्न लागलं की दोघांचं सगळं एक होतं. लग्नाआधीचं, नंतरचं, कुणाच्याही नावावर असो. अर्धं त्याचं, अर्धं तिचं. वेगळा करार केला नसेल तर हेच. काका गेले तेव्हा मागं राहिलं ते त्यांचं अर्धं. तुमचं अर्धं त्यांचं नव्हतंच, मग ते पुतण्याला कुठून मिळणार? आणि वाटणी करताना राहतं घर तुमच्या अर्ध्यात मागता येतं."

मी गप्प झाले. मी गप्प झाले हे वकीलबाईनं तिच्या आईलासुद्धा सांगितलं, इतकी ती नवलाची गोष्ट. माझ्या डोळ्यांपुढून संसारातली एकेक वस्तू जायला लागली. त्यांची सायकल, मनगटी घड्याळ, पुस्तकांचं कपाट, सगळं अर्धं माझं होतं, नवी नवरी होते तेव्हापासून! आणि मी शेजारणीला चार नारळ द्यायचे तरी त्यांना विचारायचे. ते म्हणायचे, "माका कशाक इचारतंस?" मला वाटायचं, माणूस मनाचा मोठा. मोठा होताच, पण गोंयकार असल्यामुळं त्याला कायदाही ठाऊक असणार, आणि मला सांगायचं मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही.

वकीलबाईनं दुसरी एक वाटही दाखवली. मास्तर इतकी वर्षं तोंडवलीत राहिले, तेव्हा ते इकडचेच झाले होते, असं कोर्टात म्हणता येईल. ते टिकलं तर आपल्याकडच्या कायद्यानं सगळंच माझं. पण आमचा माणूस दर मतदानाला धोतर नेसून पेडण्याला जायचा. पाय सुजले होते तरी शेवटच्या खेपेला गेला. मी म्हटलं, "तो गोव्याचा नव्हता, असं मी शपथेवर सांगणार नाही. अर्धं पुरे."

"मग एकच बघायचं," ती म्हणाली. "लग्नाची नोंद पेडण्याला झाली होती ना? सह्या दोन वेळा केल्या होत्या ना?"

"दोन वेळा?"

तिनं पेन खाली ठेवलं. मग समजावून सांगितलं.

गोव्यात सरकारदरबारी लग्न दोनदा सही करून होतं. पहिल्या सहीला फक्त सांगायचं की आम्ही लग्न करणार आहोत. मग कचेरी ते फळ्यावर लावते, कुणाची हरकत आहे का बघते, आणि दिवस भरले की पुन्हा जाऊन दुसरी सही करायची. ती झाली तर लग्न. नाही झाली तर पहिली सही म्हणजे नुसता बोलाचा भात. आणि आमच्या बाजूच्या माणसांची चूक इथंच होते. सिंधुदुर्गातून मुलगी गोव्यात दिली की सगळे मिळून थाटात पहिल्या सहीला जातात, पेढे वाटतात, फोटो काढतात, आणि झालं समजून परत येतात. पुढं लग्नाची घाई, आमंत्रणं, मानपान. दुसऱ्या सहीचं कुणाच्या मनातही राहत नाही. आमच्याकडं जी गोष्ट एकदा कागदावर चढली ती चढली. तीच सही परत करायला कोण बोलावतं?

मला पहिली सही लख्ख आठवत होती. चैत्रातले दिवस. आरोंद्याहून किरणपाणीला होडीनं गेलो होतो; आता तिथं पूल आहे. बाबांनी नवी टोपी घातली होती. कचेरीतल्या माणसानं पेन पुढं केलं तर माझ्या हाताला इतका घाम, की पेन घसरून खाली पडलं, आणि टेबलाखाली वाकलेल्या नवऱ्या मुलाचं डोकं टेबलाला आपटलं. मी त्यांना पहिल्यांदा जवळून बघितलं ते असं, डोकं चोळताना. वैशाखात लग्न झालं. दुसरी सही? काही नाही. नुसता कोरा कागद. मी घरातल्या दोन्ही ट्रंका पालथ्या घातल्या. दाखला कुठंच नव्हता. मनात म्हटलं, बाई, तू इतकी वर्षं या माणसाला जेवण वाढलंस, त्याची औषधं चुकू दिली नाहीस, आणि कचेरीच्या वहीत तू त्याची कुणी नसलीस तर?

पेडण्याला गेले. एसटीनं सावंतवाडी, तिथून पुढं. उतरायचं कुठं? सासरीच. नोटीस पाठवणाऱ्याच्या घरी पिशवी घेऊन उभी राहिले. पुतण्या ओशाळला. त्याची बायको, आमची सून, देवगडकडची, चाळिशीची, अंगानं बारीक आणि कामाला वाघीण, तिनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि पाय धुवायला पाणी दिलं. थोरली जाऊ ओसरीवर बसली होती. ऐंशी उलटली तिची, कान गेलेले; तिच्याशी बोलायचं म्हणजे समुद्रावरच्या होडीला हाक मारायची.

मी सरळ पुतण्यासमोरच विचारलं. चोरून विचारण्यासारखं काय होतं? आणि ओरडायचंच होतं, तर चोरून कसं होणार?

"वयनीऽ, माज्या लग्नाची दुसरी सही झाल्ली काय गो?"

पुतण्या म्हणाला, "आईक खंयचा आठवतला? पन्नास वर्सां होत इली."

हे मात्र तिनं बरोबर ऐकलं. "तुजो बापूस कालची न्ह्यारी इसरत हुतो. मी नाय," ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "झाल्ली तर! मीच तुका व्हेल्लंय कचेरीक. तुजो घोव शाळेतसून परभारो थंय इल्लो. सही करून भायर इलंव, तुका सोडा पिवचो हुतो, म्हणान दुकानार थांबलंव. घराकडे इलंव तर तुजो बापूस दारात."

"बाबा?"

"अगो, त्याच दिवशी तुजी आवय गेली मा?"

आई गेल्याचं सांगायला बाबा पेडण्याला आले होते ते मला आठवत होतं. गुडघ्यापर्यंत ओलं धोतर, टोपी हातात. पण माझ्या मनात तो दिवस तिथूनच सुरू होतो, दुपारपासून. त्या दिवसाला सकाळच नाही. मी सकाळी कुठं होते, काय नेसले होते, कुणाबरोबर हसले होते, सगळं त्या एका बातमीनं पुसून टाकलं होतं. आणि माझी सकाळ इतकी वर्षं कुणी जपून ठेवली, तर थोरल्या जावेनं. जिच्याशी मी अर्धं आयुष्य नारळाच्या किसावरून भांडले, तिनं.

पुतण्या हळूच म्हणाला, "आई, तू खंयच्या बाजून उलयतंस?"

"बाजू कसली रे? तुजो बापूस गेलो तेवा शेताचो तुकडो इकूक माजी सही व्हयी हुती. मोटो वकील घेवन माज्या पायाकडे बसलंस. तेवा आवशीचो अर्धो गोड, आणि काकीचो कडू?"

सुनेनं पदर तोंडाला लावला. पुतण्या उठून गुरांना बघायला गेला. गुरं त्यांच्याकडं नाहीत.

पण जावेची आठवण म्हणजे काही कागद नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत गेलो. आणि नेलं कुणी, तर पुतण्यानंच, त्याच्या गाडीतून. म्हणाला, "चल काकी, काय ता एकदा बगूया." त्याला मी वाईट म्हणणार नाही. कायद्यानं दिलं ते मागायला आला होता. वहीत दुसरं काही निघालं तर ते बघायलाही तोच आला. सून पण बरोबर निघाली. कचेरीत दोन बायका असलेल्या बऱ्या, म्हणाली.

खिडकीपाशी एक तरुण कारकून मुलगी होती. लग्नाचं साल मी सांगितलं. तारीख? तारीख मला कुठली माहीत! पण आईची तिथी मी एकाही वर्षी चुकवलेली नाही. "आषाढ वद्य नवमी," मी म्हटलं. "त्या दिवशी बघ." तिनं फोनवर त्या सालचं पंचांग काढलं, तारीख एका चिठ्ठीवर लिहिली, आणि आत जाऊन वही घेऊन आली. वही म्हणजे काय, पाट म्हणा! दोन्ही हातांनी आणली. कागद पिवळा पडलेला, कडा किड्यांनी खाल्लेल्या. पानावरचे छापील शब्द मला लागेनात.

"पोर्तुगीज आहे, आजी," ती म्हणाली. "जुन्या छापील वह्या उरल्या होत्या, त्या संपेपर्यंत वापरल्या."

तिनं पानं उलटायला सुरुवात केली. सुनेनं माझा दंड धरला होता. किती लग्नं त्या वहीत! अंगठे, सह्या, कुठं शाईचे ओघळ. एवढ्या सगळ्या माणसांची भीती आणि हौस त्या परक्या भाषेच्या चौकटीत गप बसलेली.

"हे बघा," मुलगी म्हणाली.

मास्तरांची सही मी लांबून ओळखली. 'म'चा पाय लांब ओढायची त्यांची सवय तेव्हाही होती. आणि तिच्याखाली, मराठीत, एक गोल गोल नाव. माझं. माझ्या सहीचं अक्षर आता वेडंवाकडं झालंय, पण हे अक्षर एका ठाम मुलीचं होतं. पहिल्या सहीला जिच्या हातातून पेन पडलं, ती या पानावर थरथरली नव्हती. लग्नाला दोन महिने झाले होते, नवरा शेजारी होता, आणि बाहेर जाऊन सोडा प्यायचा होता. तिला ठाऊक नव्हतं की आई आता नाही. ठाऊक नव्हतं की मूल होणार नाही. समुद्रापलीकडं कधीतरी कुणी केलेला नियम या ओळीतून तिच्या हातात अर्धं घर ठेवतोय, हेही तिला ठाऊक नव्हतं. कुणीतरी सांगितलं, इथं सही कर, आणि तिनं केली.

मी त्या नावावर बोट ठेवलं. मुलीनं मला ठेवू दिलं. कचेरीत असं चालत नसणार.

पुतण्यानं चष्मा काढून वाकून बघितलं. मग म्हणाला, "काकाची सही शाळेच्या दाखल्यार अशीच आसायची." आणि चष्मा परत लावत, "झाला मगे. अर्धो तुजो."

इतकंच. त्याच्या तोंडून ते आलं तेव्हा मला रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. मी नुसती त्या वहीकडं बघत राहिले. देवळात गाभारा उघडल्यावर आपण बघतो ना, काही मागायचं सुचत नाही, तसं.

दाखल्याची नक्कल मिळायला थोडा वेळ होता. बाकावर बसलो, तर सून पुन्हा खिडकीपाशी गेली. आवाज अगदी बारीक करून तिनं मुलीला आपलं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, साल सांगितलं. मुलीनं आता नव्या वह्या काढल्या. बराच वेळ शोधलं.

"वहिनी, पहिली सही आहे. दुसरी दिसत नाही."

सुनेचा चेहरा उतरला. पुतण्या ताडकन उठला. "नाय कशी? अहो, लग्नाला आठशे माणूस होता!"

"आठशे होते," मुलगी म्हणाली, "पण त्यांच्यातलं कुणी सही करायला आलं नाही ना."

परतीच्या वाटेवर गाडीत सून खिडकीकडं बघत म्हणाली, "देवगडसून सगळी इल्ली तेवा. दोन गाडये भरान. माज्या मामान पेढे वाटल्यान." पुतण्यानं गियर बदलला. "मगे तू माझी कोण गो?" तो म्हणाला. थट्टा करायला गेला होता, पण थट्टा काही जमली नाही. घर येईपर्यंत त्याचे कान लाल होते. मला त्याची कीव आली. मला नोटीस पाठवताना त्यानं वकिलाला शंभर प्रश्न विचारले असतील. आपल्या घरातला हा एक विचारायचा राहिला होता.

पुढचं वकीलबाईनं पत्रांनी केलं. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. पुतण्या स्वतः तोंडवलीला आला, या वेळी चहा घेतला, गूळही खाल्ला. बागेत फिरून दोघांनी मिळून ठरवलं. घर, विहीर आणि समुद्राकडची बाजू माझी, खाडीकडची त्याची. तलाठ्याकडं गेलो तर तलाठी म्हणाला, "मयताची वारस म्हणून नाव लावायचं ना, काकू?" मी म्हटलं, "वारस म्हणून नाही. त्यातलं अर्धं माझंच होतं." त्यानं मान वर करून बघितलं. वकीलबाईचा कागद वाचला, पुन्हा माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "असं पहिल्यांदाच बघतोय." मी म्हटलं, "मीसुद्धा."

आता मी माझ्या घरात राहते. कुणी उठवणार नाही.

सुनेचं मात्र सगळं पहिल्यापासून करावं लागलं. जुना कागद कधीच बाद झाला होता. पहिली सही झाली, फळ्यावर नावं लागली. वीस वर्षं संसार केलेल्या जोडप्याला कुणाची हरकत आहे का, असं सरकार विचारत होतं, आणि थोरली जाऊ रोज सुनेला म्हणायची, "अजून येळ आसा हां, इचार कर." दिवस भरले तशी पुतण्याचा फोन आला: काकी, साक्षीदार व्हयो, येशीत काय? म्हणजे काय, न येऊन सांगते कुणाला!

कचेरीत त्या दिवशी गर्दी होती. आमच्या मागं दोन-तीन कोवळी जोडपी, मुली नटलेल्या, पोरगे फोनमध्ये. सुनेनं साधीच साडी नेसली होती, पण केसांत आबोलीचा वळेसर माळला होता. पुतण्यानं सही केली. तिच्या हातात पेन आलं. ते तिनं टेकवलं, पुन्हा उचललं, आणि माझ्याकडं वळून विचारलं,

"काकी, ह्या सहीन नेमका काय होता गो?"

मला लिस्बनपासून सुरुवात करावी लागली असती. मागची रांग बघितली, घड्याळ बघितलं.

"सांगाक बसलंय तर कचेरी बंद होतली," मी म्हटलं. "आदी सही कर."